पळून राहिली

मी पळायला लागले ते तब्येतीसाठी, असं मी विचारणाऱ्याला सांगते. खोटं आहे ते. मी पळायला लागले ते चालणाऱ्या बायकांच्या तावडीतून सुटायला.

झालं असं, की दिवाळीनंतर डॉक्टरांनी माझी शुगर काठावर आल्याचं सांगितलं. वय सेहेचाळीस, वजन अठ्ठ्याहत्तर. "रोज पाऊण तास चाला मॅडम," म्हणाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. शाळा औशाकडच्या एका गावात, पण लेकीच्या ट्यूशनपायी आम्ही दोघी लातुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. नवऱ्याची नोकरी भोकरला. शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी जातात. म्हणजे पहाटेचा एक तास कुणाला जाब न देता माझा होता. तेवढ्यात चालून घ्यावं म्हणून मी घरामागच्या मैदानावर जायला लागले.

तिथं बायकांचा एक घोळका रोज फेऱ्या मारायचा. बायका चांगल्या होत्या, पण पायांपेक्षा तोंडं जास्त चालायची. कुणाची सून भाकरी कच्ची ठेवते, कुणी नळाला चोरून मोटार लावते, सगळं मला तीन दिवसांत पाठ झालं. चौथ्या दिवशी माझा नंबर लागला. "मॅडम, तुमचे मिस्टर तिकडं एकटेच राहतात का हो? जेवणाचं कोण बघतं?" माझं डोकं सटकलं. मी वेग वाढवला, तर त्यांनीही वाढवला. आणखी वाढवला, तर मागून हाका, "मॅडम, थांबा की जरा!" मग काय, मी पळाले.

लिंबाच्या झाडापासून विजेच्या डीपीपर्यंत पळाले. फार तर ऐंशी पावलं असतील. डीपीपाशी पोचले तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, घशाला कोरड पडली होती आणि गुडघे म्हणत होते, बाई, हे काय नवीन काढलंस? पण मागं वळून बघितलं तर घोळका पार तिकडं राहिला होता आणि माझ्या आसपास कुणी म्हणजे कुणी नव्हतं. मला इतकं हसू आलं की धापा टाकता टाकता हसून पोटात कळ आली. शाळेत असताना मी चोर-शिपाई खेळायचे. त्यानंतर आपल्या मर्जीनं कधी पळाले होते ते काही केल्या आठवेना. एसटीमागं पळाले असेन, पण ते पळणं नव्हे, ती मजबुरी.

दुसऱ्या दिवशी डीपीच्या पुढं गेले. आठवड्यानं मैदानाची अर्धी फेरी झाली. मग बूट घ्यायला दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "मुलाचा नंबर काय?" म्हणलं, मुलाचे नाहीत, माझे. त्यानं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, एकदा पायांकडं, आणि मुकाट्यानं निळे बूट काढून दिले. घरी आल्यावर मी ते घालून स्वयंपाकघरात उभी राहिले. लेक म्हणाली, "मम्मी, भारी दिसतेस!" त्या दिवशी मी बूट घालूनच भाजी फोडणीला टाकली.

महिन्याभरात मी मैदान सोडून औसा रोडला लागले. आता आमच्याकडं सडकेनं पळणारी बाई म्हणजे काहीतरी घडलेलंच असणार. कुणी मेलंय, कुणाला दवाखान्यात नेलंय, नाहीतर एसटी सुटलीय. त्यामुळं रोज कुणी ना कुणी मोटारसायकल हळू करायचा. "बसा मॅडम, सोडतो." नको म्हणलं तर आणखी फिकीर. "पैशे न्हाई लागत, बसा की!" एक दूधवाला तर माझ्याशेजारनं गाडी चालवत विचारायचा, "कुत्रं लागलं का मागं?" पहिल्यांदा मी रागानं बघायचे. मग माझ्या लक्षात आलं, ह्यांच्या ध्यानातच येत नाही की बाई कुठं जायचं नसतानाही पळू शकते. माझ्या तरी कुठं येत होतं?

थंडी वाढली तशी मी ओढणी कानावरून घेऊन तोंड पक्कं बांधायला लागले. शिवाय ओळखीचे पालक सडकेला भेटायचे, तेवढंच लपता यायचं. गंठण उड्या मारायचं, ते कुडत्याच्या आत सेफ्टीपिननं अडकवायचे. आठ दिवसाला नळ यायचा, त्या पहाटे पळणं बंद, सगळी शक्ती घागरींना. बाकी दिवशी मी पळत होते. हळूहळू, धापा टाकत, पण पळत होते. आणि खरं सांगते, मला लई मजा येत होती. सगळ्या दिवसात तेवढा एकच तास मी कुणाची मम्मी नव्हते, कुणाची मॅडम नव्हते.

हे फक्त लेकीला माहीत होतं. नांदेडला फेब्रुवारीत पळायची स्पर्धा होती, त्यातल्या पाच किलोमीटरचा फॉर्म तिनंच मोबाईलवर भरून दिला. नवऱ्याला मी 'चालायला जाते' एवढंच सांगितलं होतं. सांगितलं की चर्चा होते आणि चर्चेतून परवानगी निघते. परवानगी म्हणलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि सासूबाईंना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. उमरीकडं आमचं गाव आहे. सासरे गेल्यापासून त्या तिथं एकट्या राहतात, सत्तरीतही शेत स्वतः बघतात, आणि लातुरात यायचं म्हणलं की नाक मुरडतात. रागीट म्हणाल तर माझ्यापेक्षा दोन पावलं पुढं. लग्नाला बावीस वर्षं झाली, आमची एक भेट भांडणाशिवाय झालेली नाही. भांडण झालं की त्या मला शेंगदाण्याचं कूट बांधून देतात.

संक्रांतीनंतरच्या रविवारी ते घडलं. नवरा त्या आठवड्यात कामामुळं आला नव्हता. लेक सकाळीच ट्यूशनच्या टेस्टला गेली होती. गावाकडचा माझा एक चुलत दीर त्याच्या पोरीला लातूरच्या हॉस्टेलवर सोडायला आला होता. पहाटे तो रिक्षानं स्टँडकडं निघाला आणि सडकेनं पळणारी मी त्याला दिसले. तोंड बांधलेलं असूनही त्यानं मला अंगलटीवरून ओळखलं. त्यानं हाक मारली. माझे कान बांधलेले, मला काय ऐकू येणार? मोठी मौज वाटली म्हणून त्यानं लगेच आत्याबाईंना फोन लावला.

आता आमच्या बोलण्याची एक तऱ्हा सांगायला पाहिजे. आमच्याकडं 'जेवते आहे' म्हणत नाहीत, 'जेवून राहिली' म्हणतात. 'येते आहे' म्हणजे 'येऊन राहिली'. तसं 'पळते आहे' म्हणजे 'पळून राहिली'. दीर बिचारा तेवढंच सांगत होता. पण गावात रेंज म्हणजे देवाची मर्जी. आत्याबाईंना ऐकू आलं ते असं:

"काकू, आत्ता वहिनीला बघितलं. वहिनी पळून..."

"आं? मोठ्यानं बोल!"

"...तोंड बांधून... औसा रोडनं... हाक मारली तर वळून बी बघितलं न्हाई..."

आणि फोन बंद. दिराची बॅटरी संपली होती, तो एसटीत बसून आरामात झोपला. इकडं आत्याबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा भोकरला, सून लातुरात, आणि सून तोंड बांधून पळून गेली! त्यांनी मला सतरा फोन केले. माझा फोन घरी चार्जिंगला, आवाज बंद. लेकाला त्यांनी कळवलं नाही. काय तोंडानं सांगणार? गावातल्या पोलीस पाटलाला उठवलं, स्वतःच्या धाकट्या जावेला घेतलं, एक बोलेरो ठरवली आणि निघाल्या.

मी पळून आले, अंघोळ केली, कपडे भिजवले आणि नऊला फोन हातात घेतला. सतरा मिस्ड कॉल. आत्याबाई मला वर्षात सतरा फोन करत नाहीत. लावला तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. दिराला लावला तर बंद. नवऱ्याला फोन केला, "तुमच्या आईचं काहीतरी झालंय हो," म्हणलं आणि रडायला लागले. ते बिचारे भोकरहून मोटारसायकल काढून गावाकडं सुटले. तिथं घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, काकू पाटलाला घेऊन गेल्यात, कामून ते सांगितलं न्हाई. ते आणखीच घाबरले.

साडेदहाला दार वाजलं. मी रडून सुजलेल्या डोळ्यांनी दार उघडलं तर पुढ्यात आत्याबाई! त्या मला वरपासून खालपर्यंत बघतायत, मी त्यांना. मला वाटलं होतं त्या गेल्या, त्यांना वाटलं होतं मी गेले.

"हायस का गं माय तू?" त्या म्हणाल्या. "हायस का?"

"आत्याबाई, तुम्ही बऱ्या आहात?"

आणि आम्ही दोघी उंबऱ्यातच गळ्यात पडून हमसून हमसून रडलो. मागं पोलीस पाटील चपला कुठं काढाव्या ह्या विचारात उभा. मग आत्याबाईंनी मला लांब केलं आणि पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

चहा झाला. नवऱ्याला फोन गेला. सगळा उलगडा झाला. पोलीस पाटील इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सांडला. आत्याबाईंची जाऊ पदर तोंडाला लावून हलत होती. आत्याबाई मात्र हसत नव्हत्या.

"पन पळायचं कामून?" त्यांनी विचारलं. "कोन लागलंय मागं?"

"शुगर आहे मला."

"मग चाल की. सारं गाव चालतंय."

त्यांचा तो आवाज ऐकला आणि माझा पारा चढला. म्हणलं, "मला आवडतं म्हणून पळते!"

बावीस वर्षांत मी त्यांच्यापुढं खूप काही बोलले होते. हे जमणार नाही, ते परवडत नाही, हे तुमच्या लेकाला विचारा. मला हे आवडतं, असं कधी म्हणाले नव्हते. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"सकाळी खबर ऐकली ना," त्या हळूच म्हणाल्या, "तवा इज्जतीचं नंतर आलं मनात. पैल्यांदा वाटलं, आता मी भांडू कुनाशी?"

मला परत रडू आलं. पण त्या लगेच भानावर आल्या. नांदेडच्या स्पर्धेचं मला सांगावंच लागलं. मोबाईलवर मागच्या वर्षीचा फोटो दाखवला. रस्त्यावर लाल कमान आणि तिच्याखालून येणारी माणसं. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन निरखला.

"ह्या कमानीखालून येतात?"

"हो."

"मग ऐक. मी येते तिथं. ही कमान उभी हाय तवर तिच्याखालून आलीस, तर पळ बाई जलमभर, माझं काई म्हननं न्हाई. चाललीस तरी चालंल. पन मधी बसलीस, न्हाईतर कुनाच्या गाडीवर चढलीस, तर ते निळे बूट मी घेऊन जाते. मग गप बायकांसंगं चालायचं."

पोलीस पाटील साक्षीला होताच. मी रागात 'चालतंय' म्हणून बसले. मग रात्रभर हिशेब करत राहिले, कारण तोवर मी न बसता तीन किलोमीटरच्या पुढं कधी गेलेच नव्हते.

आत्याबाई दोन दिवस राहिल्या. पहाटे मी बूट बांधायचे तेव्हा त्या गोधडीतून एक डोळा उघडून बघायच्या. जायच्या दिवशी त्यांनी माझं पळायचं कुडतं मागितलं आणि आतल्या बाजूनं छोटा खिसा शिवून दिला. "गंठण नाचतंय, लोक बघत्यात," एवढंच म्हणाल्या. मी म्हणलं, तुम्हाला तर मी हरलेलीच पाहिजे ना? त्या म्हणाल्या, "हरायचं तर नीटनेटकी हर."

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी नांदेडला गोदावरीच्या कडेनं गार वारा सुटला होता. नवरा आईला घेऊन पहाटेच आला. सगळं कळल्यापासून ते आम्हा दोघींच्या मधे पडायचं टाळत होते. लाल कमान उभी होती, पण ती हवेची निघाली. शेजारी जनरेटरवर पंखा घुरघुरत होता, तो तिच्यात हवा भरायचा. आत्याबाईंनी कमानीला बोट लावून बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "फुग्याची हाय. जल्दी ये."

पहिले दोन किलोमीटर मी मजेत गेले. लोक टाळ्या वाजवत होते, गुरुद्वाऱ्याकडून आलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी "शाबाश बेटा" म्हणलं आणि मी उगाच वेग वाढवला. तीच चूक झाली. तिसऱ्यात बरगडीखाली कळ धरली. शाळकरी पोरी पुढं गेल्या, पोट सुटलेले साहेब पुढं गेले, एक बाई तर नऊवारीत पुढं गेली. चौथ्यात मी चालत होते. मागं वळले तर मागं माणूस नव्हतं, एक टेम्पो होता. राहिलेल्यांना उचलणारा.

"मॅडम, बसा," ड्रायव्हर म्हणाला. "रस्ता मोकळा करायचा हाय. कमान पन काढायला लागलेत."

"कमान काढतायत?"

"मग! किती येळ ठिवतील? बसा की, पैशे न्हाई लागत."

दोन महिने मी हेच ऐकत होते आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझं मन झालं. टेम्पोची मागची फळी उघडीच होती. पाय उचलायचा तेवढाच उशीर. म्हणलं, "भाऊ, माझी सासू बसलीय तिथं."

"अरे बापरे," तो म्हणाला, "मग तर बसाच!"

मला हसू फुटलं. हसताना बरगडीखालची कळ आणखी चावली, पण पाय सुटले. ते बूट गेले तर मी परत त्या मैदानात, घोळक्यात, कुणाची भाकरी कच्ची आहे ते ऐकत. न्हाई! मी पळायला लागले. लिंबापासून डीपीपर्यंत, मनातल्या मनात म्हणायचे, मग पुढच्या लिंबापासून पुढच्या डीपीपर्यंत. टेम्पो मागं हळूहळू येत होता आणि ड्रायव्हर आता बसा म्हणायचं सोडून हॉर्न वाजवून मला पुढं ढकलत होता.

शेवटचं वळण घेतलं. खुर्च्या उचलून झाल्या होत्या, पाण्याची टेबलं गेली होती. पण कमान उभी होती. आणि जनरेटरला पाठ लावून, जमिनीवर मांडी घालून, आत्याबाई बसल्या होत्या. दोन कार्यकर्ते हात जोडून उभे. माझा नवरा लांब पानटपरीमागं तोंड लपवून.

"मावशी, सरका ना. सगळे आले."

"सगळे कुठं? माझी सून पळून राहिली अजून. बटनाला हात लावू नको, सांगून ठिवते."

एका हातात त्यांचा बटणांचा मोबाईल, कानाला लावलेला. पलीकडं तोच दीर असणार, कारण त्या अख्ख्या नांदेडला ऐकू जाईल असं ओरडत होत्या, "हाव रे! पळून राहिली! गेली न्हाई, राहिली! कान साफ कर जरा!"

मी कमानीखालून गेले आणि त्यांच्यापुढं भुईवर आडवी झाले. त्या सावकाश उठल्या, एका कार्यकर्त्याला म्हणाल्या, "आता कर बंद." कमान माझ्या मागं हळूहळू खाली बसली. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"काढ ते बूट."

मी उठून बसले. "आत्याबाई! मी बसले नाही! टेम्पोत चढले नाही! विचारा त्या ड्रायव्हरला!"

"काढ म्हनते ना."

संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी नाड्या ओढून सोडल्या, बूट त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला, चपला काढल्या, मातीत बसून एकेक पाय बुटात घातला. नाड्या बांधता येईनात, तेव्हा पाय माझ्याकडं केले. मी बांधल्या. नवऱ्यानं टपरीमागून डोकं बाहेर काढलं.

त्या उभ्या राहिल्या. लुगड्याचा काठ एका हातानं वर धरला. चार पावलं चालल्या. मग आजूबाजूला कुणी बघतंय का बघितलं, सगळे बघत होते, आणि तरीही त्या पळाल्या. गुडघे न वाकवता, इकडून तिकडं डुलत, मोकळ्या रस्त्यावरून टेम्पोच्या दिशेनं. "अगं माय माय," म्हणत होत्या आणि लेकरासारख्या हसत होत्या. मी त्यांना बावीस वर्षांत तसं हसताना बघितलं नव्हतं.

हातातला मोबाईल अजून चालू होता. मी कानाला लावला.

"काकू? हॅलो? काय झालं?" दीर विचारत होता.

"भावजी," मी म्हणलं, "आत्याबाई पळून..."

तेवढ्यात रेंज गेली.